गोष्ट वाचून रेकॉर्ड करायचीय? आधी पेन्सिल घ्या, माईक नंतर

पुस्तकं भरपूर वाचता, भाजी चिरताना आणि लोकलमध्ये कानात गोष्टी चालू असतात, आणि आता असं वाटायला लागलंय की आपणही एखादी कथा वाचून रेकॉर्ड करावी, आईसाठी, परदेशातल्या भाच्यासाठी, किंवा नुसती हौस म्हणून, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. असं ठरवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो, माईक कोणता घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे, सध्या कुठलाच घेऊ नका. हातातला मोबाईल पुरे. माईकवर पाच हजार घालण्याआधी पाच रुपयांची पेन्सिल घ्या, कारण रटाळ वाटणारी बहुतेक रेकॉर्डिंग्ज आवाजामुळे रटाळ नसतात, वाचणाऱ्यानं ते पान आधी नीट वाचलेलंच नसतं म्हणून असतात. वाक्य कुठे वळणार हे त्यालाच वाचता वाचता कळत असतं, आणि ऐकणाऱ्याच्या ते बरोब्बर लक्षात येतं.

पण पेन्सिलच्याही आधी थोडं कानाबद्दल.

आधीच्या पिढीला ऐकायचं कसं हे कुणी शिकवलं नाही कारण घरात रेडिओ होता. मुंबई आकाशवाणीवरचं ‘पुन्हा प्रपंच’ ऐकलेल्या कुणालाही विचारा, प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, तीनच आवाज, समोर लिहिलेलं स्क्रिप्ट, पण वाचतायत असं चुकूनही वाटायचं नाही. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ला गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक गाणं अशी ५६ गाणी, म्हणजे लोकांनी वर्षभर एक गोष्ट हप्त्याहप्त्यानं कानानं ऐकली. आणि शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव जाऊन कथाकथन करायचे, लोक तिकीट काढून गोष्ट ऐकायला जायचे हो! मराठी ऑडिओबुकं आता ॲपवर मिळतात, स्टोरीटेल २०१७मध्ये भारतात आलं तेव्हापासून तर भरपूरच, पण ऐकायची सवय आपल्याकडे खूप जुनी आहे, कीर्तन आणि चातुर्मासातलं पोथीवाचन धरलं तर विचारूच नका.

इथे एक फरक लक्षात ठेवा. कथाकथन आणि अभिवाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कथाकथन करणारा समोरच्यांचे चेहरे बघतो, हशा आला तर थांबतो, आपलीच कथा असेल तर शब्द बदलतो, वाढवतो. अभिवाचनात आपण पुस्तक वाचतोय, लेखकानं लिहिलेला एकही शब्द आपल्या पदरचा घालायचा नाही आणि गाळायचा तर नाहीच. बऱ्याच जणांना वाटतं मध्येमध्ये ‘बरं का मंडळी’ टाकलं की जिवंत वाटतं. नाही वाटत. लेखकाचं वाक्य जिवंत असेल तर त्याला तुमच्या मंडळींची गरज नसते.

कान तयार करायला माझा आवडता उद्योग सांगते. तुमच्याकडे छापील आहे आणि ऑडिओतही मिळतंय असं एखादं पुस्तक घ्या, पान उघडा आणि दहा मिनिटं ऐकत ऐकत वाचक जिथे जिथे थांबला तिथे पेन्सिलनं बारीक रेघ मारा. मग ती पानं बघा. निम्म्या रेघा स्वल्पविरामावर नसतात! चांगला वाचक अर्थाच्या तुकड्यावर थांबतो, चिन्हावर नाही, आणि हे एकदा दिसलं की आपलं स्वतःचं वाचन लगेच बदलतं. ऐकताना स्पीड मात्र एकवरच ठेवा, सव्वापट-दीडपट माहितीच्या पुस्तकांना ठीक आहे, गोष्टीला नको, थांबण्यातलं सगळं त्यात निघून जातं.

आणि सगळी पुस्तकं कानाची नसतात. वंशावळ असलेल्या, तीन पिढ्यांच्या, पात्रांची नावं मागे जाऊन बघावी लागतात अशा कादंबऱ्या मी डोळ्यांनीच वाचते. आत्मकथन, विनोद, ‘मी’ म्हणून सांगितलेली गोष्ट, पत्रं, प्रवासवर्णन हे कानाला फार छान लागतं. आधी वाचून झालेलं पुस्तक वर्षा-दोन वर्षांनी ऐकायचं हा तर माझ्या मते ऑडिओचा सगळ्यात चांगला उपयोग, घाईघाईत डोळ्यांनी उड्या मारून टाकलेले परिच्छेद कानाला टाळता येत नाहीत. पुस्तक कानाचं आहे का, हाच निकष रेकॉर्डिंगसाठी निवडतानाही लावा.

आता निवड, म्हणजे कायदा आलाच. घरातल्या आजीला वाचून दाखवण्यात काहीच प्रश्न नाही, पण नेटवर टाकणार असाल तर कॉपीराईट बघावाच लागेल. आपल्याकडे नियम असा की लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरचं नवीन वर्ष लागल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. (आधी ५० होती, रवींद्रनाथ टागोरांचे हक्क संपत आले तेव्हा १९९२मध्ये ती ६० झाली.) गणित सोपं आहे, मृत्यूच्या वर्षात ६१ मिळवा, त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोकळं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, २०११पासून मोकळे. चि. वि. जोशी १९६३मध्ये गेले म्हणजे चिमणराव २०२४पासून सगळ्यांचा. आचार्य अत्रे १९६९, थांबा २०३०पर्यंत. खांडेकर १९७६, २०३७. पुलंचं नाव प्रत्येकाच्या तोंडावर येतं, ते २००० साली गेले, तेव्हा २०६१ला या! लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाचं गणित प्रकाशनाच्या वर्षापासून चालतं, बहिणाबाईंच्या कविता तशा १९५२मध्ये आल्या. आणि अनुवाद असेल तर मूळ लेखक मोकळा असून चालत नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, जुन्या पुस्तकाला नव्या संपादकानं लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा यांचंही तेच. ‘युट्यूबवर तर सगळेच टाकतात’ हे उत्तर नव्हे.

हक्क शाबूत असलेलं पुस्तक फारच आवडलंय तर परवानगी मागा ना सरळ. फक्त एक, प्रकाशकाकडे छापण्याचे हक्क असतात पण ऑडिओचे कधी लेखकाकडे किंवा त्यांच्या मुलांकडेच असतात, म्हणून दोघांनाही विचारा आणि उत्तर लेखी घ्या, ईमेल चालतो. कुठली कथा, कुठे टाकणार, पैसे मिळवणार की नाही, एवढं तीन ओळीत लिहिलं की पुरे. एका कथेसाठी बरेच लेखक आनंदानं हो म्हणतात.

सुरुवात कशानं करायची विचाराल तर माझं एकच ठाम मत, दिवाकरांच्या नाट्यछटा. शंकर काशीनाथ गर्गे, १८८९ ते १९३१, पुण्यात शाळामास्तर होते, ब्राउनिंगच्या कविता वाचून त्यांना हा प्रकार सुचला. एकच माणूस बोलतोय, समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही पण याच्या उत्तरांवरून कळतं. पान-दोन पानांचा मामला, एका दमात रेकॉर्ड होतो, आणि अभिवाचनाचं सगळं शिक्षण त्यात आहे, कारण समोरचा काय म्हणाला ते तुम्ही मनात ऐकलंच नाहीत तर पुढचं वाक्य खोटं पडतं. शाळेत स्पर्धेत हातवारे करून म्हटलेली नाट्यछटा मात्र डोक्यातून काढून टाका, इथे हात दिसत नाहीत. त्यानंतर चिं. विं.ची एखादी कथा. मग लांबचा पल्ला हवा असेल तर हरिभाऊ आपटे, ‘पण लक्षात कोण घेतो’ ही ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली कादंबरी, त्यामुळे प्रकरणांची लांबी भागाभागानं ऐकायला सोयीची आहे, आणि नायिका यमूच स्वतः सांगतेय सगळं. लक्ष्मीबाई टिळक (मृत्यू १९३६) तर बोलतातच, त्यांचं वाचायला घेतलं की आपण वाचतोय हेच विसरायला होतं. जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली मिळतात, पण जवळ जुनं ग्रंथालय असेल तर कागदावरची प्रत बघून घ्या, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं आहे, तिथली कपाटं बघायला म्हणून तरी जा.

आता पेन्सिल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून इथे मी जरा रेंगाळणार.

प्रिंट काढा, थोडा मोठा फाँट, ओळीत भरपूर जागा. आधी एकदा मनात पूर्ण वाचा, शेवटपर्यंत, कारण शेवट माहीत असल्याशिवाय सुरुवात कशी वाचायची हे ठरत नाही. मग मोठ्यानं वाचा आणि खुणा करा. छोटा श्वास म्हणजे एक तिरकी रेघ, मोठा थांबा म्हणजे दोन. एका वाक्यात एकाच शब्दाखाली रेघ, दोन शब्दांवर जोर दिला की तो कशावरच पडत नाही. हरिभाऊंच्या काळातली वाक्यं अर्ध्या पानाची असतात, तिथे श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवलं नाही तर भलत्याच ठिकाणी धाप लागते.

मराठीचा एक स्वभाव लक्षात घ्या, आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर अगदीच शेवटी. ‘तो उद्या सकाळच्या गाडीनं तिला आणायला जाणार नाही.’ शेवटचा शब्द गेला तर अर्थ उलटा झाला! आणि दमलेला वाचक नेमका वाक्याच्या शेवटीच आवाज खाली टाकतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारा दोष हाच. तेव्हा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत धरून ठेवा, खाली आणायचा तर सूर आणा, जोर नको. ‘असं तो म्हणाला’ हे संवादानंतर येतं तेव्हा उलट करायचं, ते तुकडे हलके टाकायचे, संवादाच्या सुरातून पटकन बाहेर पडून.

मग उच्चार. च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिहायला अक्षर एकच, हे आपल्याला बोलताना आठवावं लागत नाही पण वाचताना अडतं. चार माणसं वेगळा च, गुरांचा चारा वेगळा. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, दोन्ही शब्द एकाच पुस्तकात येऊ शकतात. जिथे शंका येईल तिथे अक्षराखाली टिंब द्या. आडनावं आणि गावांची नावं त्या भागातल्या माणसाला फोन करून विचारा, लाजू नका.

जुन्या छपाईत अनुस्वारांचा पाऊस असतो. नाहीं, त्यांत, मीं, घरांत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून आज आपण ‘घरांत’ वाचलं की अनेक घरं समजतो, पण १९१०च्या पुस्तकात ते बहुधा एकच घर असतं, साधं घरात. तिथे नाकात बोलायचं नाही. उलट ‘केलं, गेलं’ मधला शेवटचा अनुस्वार म्हणजे लांबवलेला अ, तो मात्र हवाच. आणि पुस्तकात ‘केले, गेले’ छापलंय तर ‘केले, गेले’च वाचा, निवेदन आपल्या सोयीनं बोलीत आणू नका. लेखकानं निवेदन एका भाषेत आणि संवाद दुसऱ्या भाषेत ठेवले असतात, ते त्याला कळत नव्हतं म्हणून नाही.

आकडे आणि संक्षेप हा अजून एक खड्डा. ‘ति. बाबांस’ म्हणजे तीर्थरूप बाबांस, ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, सगळं पूर्ण वाचायचं. जुन्या हिशोबात आकड्यापुढे उभ्या रेघा असतात, एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, म्हणजे १।। दीड, २।। अडीच आणि ३।।। पावणेचार. हे समोर आल्यावर रेकॉर्डिंग चालू असताना सुचत नाही, आधीच बाजूला अक्षरात लिहून ठेवा. तळटीप असेल तर ती कुठे वाचायची तेही ठरवा, वाक्य तोडून मध्ये घुसवू नका, परिच्छेद संपल्यावर ‘टीप’ म्हणून घ्या.

आवाजाबद्दल थोडक्यात. पात्रांचे वेगवेगळे आवाज काढायला जाऊ नका. बाई आली की बारीक आवाज आणि म्हातारा आला की खोकला, हे दहा मिनिटं गंमत वाटतं, नंतर ऐकवत नाही, शिवाय तिसऱ्या प्रकरणातल्या मामाचा आवाज नवव्या प्रकरणात तुम्हालाच आठवत नाही. पात्राचा वेग बदला, एक जण घाईत बोलतो, एक जण तोलून मापून. तेवढं पुरतं. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद असतील आणि ती तुमच्या घरातली बोली नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून ते संवाद एकदा म्हणवून घ्या आणि ऐकून सराव करा, नुसता हेल काढून केलेली नक्कल त्या भागातल्या लोकांना फार लागते. आणि कुणासाठी वाचतोय? एकाच माणसासाठी. सभागृह डोळ्यासमोर आणलं की आवाज निवेदकाचा होतो, ‘रसिकहो’ वाला. मी माझ्या मावशीला समोर बसवते, मनातल्या मनात, कारण तिला कंटाळा आला की ती लगेच विषय बदलते.

खोली. स्टुडिओ नको, कपड्यांचं कपाट हवं. साड्यांचं कपाट उघडायचं, त्याच्यासमोर बसायचं, पाठीमागे दारावर किंवा खुर्चीवर गोधडी टाकायची, झालं. मऊ कापड आवाज पितं, उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात आणि मग रेकॉर्डिंग बाथरूममधलं वाटतं. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, फोन एअरप्लेन मोडवर. उन्हाळ्यात घामाघूम होणार, त्याला इलाज नाही. बाकी आपल्या सोसायट्यांचं काय सांगायचं, कुकरच्या शिट्ट्या, कबुतरं, भंगारवाला, लिफ्टमधली बाई सतत दार बंद करा म्हणते. त्यामुळे एक तर पहाट नाहीतर रात्री अकरानंतर. पण जी वेळ धराल तीच धरा, सकाळचा आवाज जड असतो आणि रात्रीचा वेगळा, एका प्रकरणात दोन्ही आले की जोड दिसतो. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर सरळ पुस्तक वाचत बसा, ते रेकॉर्डिंग दुरुस्त होत नाही.

मोबाईल तोंडासमोर धरायचा नाही. साधारण वीतभर अंतरावर, जरा बाजूला, पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, म्हणजे प, फ, ब, भ म्हणताना सुटणारी हवा थेट त्यावर आदळत नाही. मराठीत ख, घ, थ, ध अशी हवेची अक्षरं पण भरपूर, म्हणून हा कोन महत्त्वाचा. हातात तर अजिबात धरू नका. बांगड्या काढा, कुरकुरणारी खुर्ची बदला, कागद सुटे ठेवा आणि पान बदलताना वाचू नका. जवळ साधं पाणी ठेवा. दूध, दही, गोड खाऊन बसलं की तोंडात चिकटपणा येतो आणि प्रत्येक शब्दाआधी टिक टिक आवाज येतो, आंबट सफरचंदाची एक फोड खाल्ली की तो जातो, हा व्हॉईस आर्टिस्ट लोकांचा जुना उपाय आहे.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ असं असेल तर ते निवडा. मिनिटाला साधारण ५ एमबी जातात, तासाला ३००, तेव्हा फोनमध्ये जागा करा. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इयरफोन लावून ऐका, स्पीकरवर काहीच कळत नाही. मग बटण दाबल्यावर दहा सेकंद गप्प बसा. खरंच गप्प, हलायचंही नाही. ही खोलीची शांतता पुढे एडिटिंगमध्ये लागते. अडखळलात तर रेकॉर्डिंग बंद करू नका, एक टाळी वाजवा, थांबा, आणि वाक्याच्या सुरुवातीपासून परत घ्या. शब्दापासून नाही, वाक्यापासून, नाहीतर सूर जुळत नाही. टाळीमुळे स्क्रीनवर उंच सुळका दिसतो, चूक कुठे आहे ते शोधावं लागत नाही. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त वाचू नका, पुढे आवाज बसतो ते आपल्याला नाही पण ऐकणाऱ्याला कळतं. आणि परत बसलात की आदल्या दिवशीची शेवटची दोन मिनिटं आधी ऐका, त्याच वेगात आणि सुरात सुरू करा.

एडिटिंगसाठी ऑडॅसिटी, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. टाळीचे सुळके बघत चुकलेले तुकडे कापा. नॉईज रिडक्शन वापरायचं तर त्या दहा सेकंदांच्या शांततेचा नमुना त्याला द्या आणि सहा ते बारा डेसिबलवर थांबा, जास्त ओढलंत की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, त्यापेक्षा थोडी घरघर परवडली. श्वास सगळे कापू नका, माणूस श्वास घेतो, फार मोठे असतील ते फक्त कमी करा. परिच्छेदांमध्ये सेकंदभर शांतता, प्रसंग बदलला तर दोन-तीन. पार्श्वसंगीत? मी तरी नाही घालत. सुरुवातीला दहा सेकंद ठीक, पण गोष्ट चालू असताना मागे बासरी म्हणजे वाचनावर भरवसा नाही असं मला वाटतं, शिवाय त्या बासरीचाही कॉपीराईट असतो. पुढेमागे व्यावसायिक काम करायचं डोक्यात असेल तर ऑडिओबुकं विकणाऱ्या ऑडिबलच्या एसीएक्स या साइटचे आकडे डोळ्यासमोर ठेवा, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वात मोठा आवाज उणे ३च्या आत, शांततेतली घरघर उणे ६०च्या खाली. हौसेसाठी एवढं नाही पाळलं तरी कुणी मरत नाही. सुरुवातीला तासभराच्या तयार ऑडिओमागे चार-पाच तास सहज जातात, त्यामुळे थेट कादंबरी अंगावर घेऊ नका.

शेवटचं ऐकणं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, हातात पुस्तक देऊन. गळलेली ओळ आपल्याला कधीच ऐकू येत नाही कारण ती आपल्या डोक्यात असते.

कुणासाठी करताय त्यावर बाकीचं ठरतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लिंक पाठवू नका, दहा-दहा मिनिटांचे तुकडे व्हॉट्सॲपवर ओळीनं पाठवा, त्यांना कुठलं बटण दाबायचं ते आधीच माहीत असतं. ज्यांना दिसत नाही अशांसाठी वाचायचं असेल तर कायदा मदतीला आहे, २०१२च्या दुरुस्तीनंतर छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी, नफा न कमावता, हक्क असलेलं पुस्तकही ऑडिओत आणता येतं, फक्त ते त्यांच्यापुरतंच राहिलं पाहिजे, युट्यूबवर नाही. त्यासाठीच सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाईन लायब्ररी २०१६पासून आहे. तुमच्या शहरातल्या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आधी विचारा त्यांना काय हवंय, कारण बऱ्याचदा कथा नको असतात, अभ्यासाची पुस्तकं हवी असतात. तिथे सगळा अभिनय गुंडाळून ठेवायचा. विद्यार्थी दुप्पट वेगानं ऐकतात, त्यांना सपाट, स्वच्छ, एका लयीतलं वाचन लागतं. पान क्रमांक वाचायचा, तक्ता ओळीनं वाचायचा, आकृतीत काय आहे ते दोन वाक्यात सांगायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि गोष्टी वाचण्यापेक्षा जास्त कठीण आहे, पण करून बघा.

फाईलच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक, मूळ प्रकाशन वर्ष, भाग कितवा आणि वाचणाऱ्याचं नाव, बस, स्वतःची ओळख अर्धा मिनिट नको. फाईलींना ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या, नाहीतर फोन १नंतर १० वाजवतो आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचं लग्न ऐकायला मिळतं. आणि मूळ वेव्ह फाईल एमपी थ्री करून झाली म्हणून डिलीट करू नका, पुढे एखादी ओळ बदलायची झाली तर तीच लागते, एमपी थ्रीवर परत परत काम केलं की आवाज दरवेळी थोडा उतरतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राईव्हवर, आणि खुणा केलेले कागद पण त्याच फोल्डरच्या नावानं फाईल करून ठेवा, दुसऱ्या भागाला बसाल तेव्हा त्या पात्राचा ‘ज’ कुठला धरला होता ते त्यातच सापडेल.